एस यू नंतरची आडवी रेघ

नाव: वरच्या रकान्यात लिहिलं आहे. टोपणनाव: मूळपुरुष. वय: ४३ वर्षे. धंदा: नोकरी, प्रवासी बोटींच्या धक्क्यावर संगणक देखभाल. राहणार: धक्क्यामागची कामगार वसाहत, दुसरी इमारत, दुसरा मजला, जिना चढल्यावर उजवा हात. अविवाहित, याचा प्रकरणाशी संबंध नाही.

मी स्वतः ठाण्यात येऊन, कोणी दम न देता, हवालदारसाहेबांनी विचारलं तसं सांगतो की, मी वरील पत्त्यावर माझ्या आत्येसोबत राहतो आणि सोळा वर्षांपासून धक्क्यावर नोकरीला आहे. माझी खोली तिकीट खिडकीच्या मागे आहे. दहा बाय आठ. एक टेबल, दोन खुर्च्या, एक संगणक, एक पंखा. खिडकीतून दोर बांधायचा खांब दिसतो आणि बोट आली की नुसतं बोटीचं अंग दिसतं. दुसरी खुर्ची कोणासाठी असं विचारल्यावरून सांगतो की, ती पूर्वीपासून आहे.

धक्क्यावरचा संगणक लिनक्स नावाच्या व्यवस्थेवर चालतो. त्यात प्रत्येकाचं आपापलं खातं असतं, आणि सगळ्यांच्या वर एक खातं असतं त्याला रूट म्हणतात. हवालदारसाहेबांनी रूट म्हणजे बोटीचा रूट का असं विचारलं. नाही असं सांगितलं. रूट म्हणजे मूळ. या खात्याला सुपरयूझर असंही म्हणतात, त्याला काहीही करता येतं आणि अडवणारं कोणी नसतं. त्याचा कारभार माझ्याकडे असल्यामुळे खलाशांनी मला मूळपुरुष हे नाव ठेवलं. मूळपुरुषाचा वंश कधी सुरू होणार, असं तिकीट खिडकीवाले रोज विचारतात. 

धक्क्यावर भोंगे आहेत, एकूण अकरा. बोटींच्या सूचना त्यावरून जातात. कोणी दिवसभर माईकसमोर बसत नाही. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं', 'बोट क्रमांक', 'धक्का क्रमांक', 'सुटेल', आणि एक ते साठ आकडे, असे तुकडे आधी ध्वनिमुद्रित करून ठेवले आहेत. संगणक ते जुळवून वाजवतो. ध्वनिमुद्रित आवाज आमच्या निवेदिकांचा आहे. त्या कंत्राटावर आहेत, वय ३८, आणि तातडीची सूचना असेल तर स्वतः बोलतात. सगळे त्यांना भोंगाताई म्हणतात. मी ताई म्हणत नाही. मी नुसतं 'अहो' म्हणतो. यावर हवालदारसाहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तेवढं लिहायची गरज नव्हती.

आवाजाचे तुकडे संगणकातल्या कुठल्या कपाटातून, म्हणजे फोल्डरमधून, घ्यायचे, हे संगणकाला एका सेटिंगवरून कळतं. त्या सेटिंगचं नाव मी 'आवाज' ठेवलं आहे. अशा सेटिंगांना एकत्रितपणे एन्व्हायर्नमेंट म्हणतात. हवालदारसाहेबांनी आधी 'पर्यावरण खात्यात फेरफार' असं लिहिलं होतं, ते माझ्या सांगण्यावरून खोडलं. इथे झाडं, हवा, पाणी यांचा संबंध नाही. प्रत्येक खात्याची स्वतःची मांडणी असते, एवढाच अर्थ. रूटच्या मांडणीत 'आवाज' सेटिंग नाही, त्यामुळे संगणक सरकारी कपाटातून आवाज घेतो. माझ्या खात्यात ते सेटिंग आहे आणि ते माझ्या खाजगी कपाटाकडे जातं. माझ्या खात्याला भोंग्यावर बोलायची परवानगी नाही, फक्त खोलीतल्या कानाला लावायच्या हेडफोनवर. भोंगे फक्त रूटला उघडतात; रोज मीच रूट होतो आणि रूट झालं की घोषणा आपोआप सुरू होतात. म्हणून माझ्या कपाटात काय आहे ते बाहेर जाण्याचा प्रश्नच नव्हता.

माझ्या कपाटात काय होतं असं विचारल्यावरून सांगतो की, त्याच नावांचे, त्याच संख्येचे तुकडे होते, चाचणीसाठी. मात्र आवाज धक्क्याच्या व्यवस्थापक साहेबांसारखा होता. साहेबांचा नव्हता, साहेबांसारखा होता. ते तुकडे मागच्या वर्षभरात चहाच्या सुट्टीत, दुपारी साडेतीन ते पावणेचार या वेळात, खोलीत ध्वनिमुद्रित झाले. एका दिवसात फार तर दोन तुकडे व्हायचे, कारण हसू आवरत नसे आणि परत करावं लागे. 'सत्तावन्न' या आकड्याला सहा दिवस लागले. चहा दोन कप यायचा, एकात साखर अर्धा चमचा. हे शेवटचं वाक्य खोडावं अशी विनंती केली, पण हवालदारसाहेब म्हणाले, खाडाखोड फार झाली आहे, राहू दे.

तुकड्यांतला आवाज — यांचा आहे. मोकळ्या जागी कोणाचं नाव घालायचं असं विचारलं असता मी म्हणालो, तिथे आडवी रेघ घाला. हवालदारसाहेब म्हणाले, आरोपीच्या जागी रेघ चालत नाही. मी म्हणालो, आरोपी मीच आहे, आवाजाच्या जागी घाला. तूर्त घातली आहे.

तो आवाज माझाच आहे का, हे पाहण्यासाठी ठाण्यात माझी परीक्षा घेण्यात आली. साहेबांचं नेहमीचं वाक्य 'ह्याची नोंद घेतली जाईल' हे मला तीन वेळा म्हणायला लावलं. तिन्ही वेळा ते सर्दी झालेल्या माणसासारखं आलं. हजर असलेल्या दोन शिपायांनीही म्हणून पाहिलं. त्यातल्या एकाचं माझ्यापेक्षा बरं होतं.

आता रेघेबद्दल सांगतो. माझ्या खात्यातून रूटकडे जायचं असेल तर एस यू अशी आज्ञा द्यावी लागते आणि रूटचा परवलीचा शब्द सांगावा लागतो. ही आज्ञा दोन प्रकारे देता येते. एस यू, मग मोकळी जागा, मग आडवी रेघ, असं दिलं तर माणूस नव्याने दारातून आत आल्यासारखा रूट होतो. आधीच्या खात्याची मांडणी बाहेर राहते. नुसतं एस यू दिलं तर अधिकार रूटचे मिळतात, पण मांडणी बरीचशी जुन्याच माणसाची राहते. साहेबांच्या खुर्चीत बसायचं आणि पायात आपल्याच घरच्या सपाता, तसं. नोंदवहीतसुद्धा नाव जुन्या माणसाचंच पडतं, कारण आमची घोषणेची यंत्रणा नाव त्या मांडणीतूनच उचलते. मी सोळा वर्षांत एकदाही रेघ विसरलेलो नाही.

दुसरं कोणी विसरू नये म्हणून मी संगणकाच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली होती. मजकूर: 'एस यू नंतर आडवी रेघ. विसराल तर माझ्याशी गाठ आहे.' मागच्या शुक्रवारी साहेबांनी परिपत्रक काढलं की, भिंतीवर, टेबलावर, यंत्रावर काहीही चिकटवू नये. शुक्रवारी चार वाजता साहेबांनी स्वतः नखाने ती चिठ्ठी काढली. परिपत्रकाची प्रत सोबत जोडतो. तिच्यावर भिंतीवरच्या चिकटपट्टीची खूण आहे, कारण ते परिपत्रक भिंतीवर चिकटवलेलं होतं.

सोमवारी मी रजेवर होतो. माझी अक्कलदाढ काढायची होती. निवेदिकाही त्याच दिवशी रजेवर होत्या, अर्जात 'घरी पाहुणे' असं कारण आहे. एकाच विभागातल्या दोघांनी एकाच दिवशी रजा घेऊ नये असा धक्क्याचा नियम आहे, आणि निवेदिकांचं कंत्राट येत्या गुरुवारी साहेबांच्या सहीसाठी जाणार आहे. दोन रजा एकाच दिवशी येणं हा योगायोग आहे. दवाखान्यात मी एकटा नव्हतो. दाढ काढल्यावर चक्कर येते म्हणून सोबत कोणीतरी न्यावं असं दंतवैद्यांनी सांगितलं होतं. सोबत कोण होतं ते सांगणं आवश्यक नाही. आत्या नव्हती.

सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी मला साहेबांचा फोन आला. त्या वेळी दाढ निघाली होती, डावा गाल बधिर होता, तोंडात कापसाचा बोळा होता आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. साहेब म्हणाले, "भोंगे गप्प आहेत! साडेअकराची बोट लागली आहे, लोक कुठे जायचं म्हणून माझ्या केबिनमध्ये घुसताहेत. तुमच्या रजेची नोंद घेतली जाईल!" संगणक माझ्या खात्यात उघडाच होता. जाताना तो बंद करायला हवा होता, ती चूक माझी, कबूल आहे. रूटचा परवलीचा शब्द साहेबांच्या तिजोरीत सीलबंद लखोट्यात असतो. तो फोडा असं मी सांगितलं. मग म्हणालो, "एस यू लिहा. मग स्पेस. मग आडवी रेघ."

साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना ऐकू आलं ते, "एस यू. स्पेस. आता एंटर." मी नंतर घरी आरशासमोर, गालात कापूस धरून, तेच म्हणून पाहिलं. त्यांची चूक नाही. मलाही 'आता एंटर'च ऐकू आलं.

माझ्या शेजारी बसलेल्या व्यक्तीला 'आडवी रेघ' हे दोन शब्द अतिशय स्पष्ट म्हणता आले असते. इतके स्पष्ट उच्चार या गावात दुसऱ्या कोणाचे नाहीत. त्या व्यक्तीने फोन घ्यायला हातही पुढे केला होता. मीच मान हलवून नको म्हटलं, कारण तो आवाज साहेबांनी पहिल्याच अक्षराला ओळखला असता. म्हणून त्या व्यक्तीने हात मागे घेतला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. हे वाक्य मी सांगितलं नव्हतं असं मला वाटतं, पण हवालदारसाहेब म्हणतात सांगितलं.

अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी भोंगे चालू झाले. मी तिथे नव्हतो. पुढचं खलाशांकडून व तिकीट खिडकीवाल्यांकडून समजलं ते सांगतो. पहिली सूचना अशी गेली: "प्रवाशांनी लक्ष द्यावं. नाही दिलं तर ह्याची नोंद घेतली जाईल. बोट क्रमांक चार. चार म्हणजे चार. धक्का क्रमांक दोन. सुटेल. मी आलो की सुटेल." यातलं शेवटचं वाक्य कोणत्या बोटीला उद्देशून आहे ते मला माहीत नाही. साहेब ज्या बोटीने घरी जातात त्या संध्याकाळच्या पाच दहाच्या बोटीचे रोजचे प्रवासी कदाचित सांगू शकतील.

साहेब केबिनमधून धावत बाहेर आले आणि धक्क्याच्या मधोमध उभे राहून ओरडले, "हा मी नाही! ऐकू नका, हा मी नाही!" त्याच वेळी भोंग्यावरून त्याच आवाजात गेलं, "मी कोण आहे ठाऊक आहे का?" लोकांनी आधी भोंग्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. एका आजींनी साहेबांना विचारलं, "अहो, मग नक्की कुठल्यावर विश्वास ठेवायचा?" साहेब म्हणाले, "माझ्यावर!" आजी म्हणाल्या, "भोंगा पण तेच म्हणतोय की."

अकरा एकतीसला साहेबांचा मला दुसरा फोन आला. मी म्हणालो, "खिडकी बंद करा." पडद्यावरची खिडकी असं मला म्हणायचं होतं. या वेळी माझे उच्चार बरे होते आणि साहेबांना बरोबर ऐकू आलं. त्यांनी खोलीची खिडकी बंद केली, कडीही लावली. भोंगे चालूच राहिले. शेवटी अकरा अठ्ठेचाळीसला तिकीट खिडकीवाल्यांनी विजेचं मुख्य बटण बंद केलं. एकूण नऊ सूचना गेल्या. त्या बावीस मिनिटांत रांगा सरळ लागल्या, कोणी ढकलाढकली केली नाही आणि साडेअकराची बोट साडेअकराला सुटली. खलाशांच्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं.

साहेबांनी माझ्याविरुद्ध आवाजाच्या चोरीची तक्रार दिली आहे. चोरीचा तक्ता भरताना चोरीला गेलेली वस्तू 'आवाज, नग एक' अशी लिहिली आहे. वस्तू परत मिळाली का या रकान्यात काय लिहावं याबद्दल ठाण्यात बराच वेळ चर्चा झाली, कारण वस्तू फिर्यादींजवळच होती आणि ते तीच वापरून ओरडत होते. संगणकाच्या नोंदवहीत नऊही सूचनांपुढे माझं नाव आहे, हा त्यांचा पुरावा. रेघ न दिल्यामुळे माझं नाव राहिलं, हे वर सांगितलं आहे. रूटकडे जाण्याची वेळ अकरा वाजून पंचवीस मिनिटे अशी वेगळ्या नोंदीत आहे, आणि अकरा पंचवीसला मी दवाखान्यात होतो. दंतवैद्यांची वेळ घातलेली चिठ्ठी जोडतो. दाढही छोट्या बाटलीत आणली आहे. ती ठेवून घ्यायला हवालदारसाहेबांनी नकार दिला.

मी कोणालाही फसवण्यासाठी काही केलं नाही. ते तुकडे नकलेसाठी केले, आणि नक्कल कोणाचा अपमान करण्यासाठी नव्हती. दुपारी साडेतीनला दमून बसलेल्या माणसाला हसू यावं एवढ्यासाठी होती. ते मला येत असे. नोकरी माझी गेली तरी चालेल. गुरुवारी ज्या कागदावर सही व्हायची आहे ती व्हावी, आणि आवाज कोणाचा हे मला विचारू नये. मी सांगणार नाही. मारलंत तरी नाही, आणि आधीच अर्धं तोंड सुजलेलं आहे.

पुरवणी. वरील जबाब मला वाचून दाखवत असताना जे घडलं ते ठाण्यात घडलं असल्यामुळे लिहावं लागेल असं हवालदारसाहेब म्हणाले, म्हणून सांगतो. फिर्यादी साहेब एक तासापूर्वीच ठाण्यातून निघून गेले होते. हवालदारसाहेब वाचत होते. रेघेच्या परिच्छेदात त्यांनी 'एस यू, मग मोकळी जागा, मग, असं दिलं तर' असं वाचलं. मी म्हणालो, इथे रेघ राहिली. ते म्हणाले, लिहिलेली असेल, रेघ वाचताना ऐकू येत नाही. मी म्हणालो, सगळं प्रकरण त्यावरूनच झालं आहे. ते म्हणाले, "एवढ्याशा रेघेसाठी पान परत लिहू काय?"

तेवढ्यात बाहेरच्या बाकाकडून आवाज आला, "हवालदार! रेघ राहिली. चालणार नाही म्हणजे चालणार नाही. ह्याची नोंद घेतली जाईल!"

हवालदारसाहेब ताडकन उठले, गळ्याचं बटण लावलं, "हो साहेब, आत्ता घालतो साहेब" असं म्हणाले आणि उभ्या उभ्या रेघ घातली. मग दाराशी जाऊन बाहेर पाहिलं. बाहेर साहेब नव्हते. बाकावर आमच्या निवेदिका बसल्या होत्या. मांडीवर थर्मास होता आणि त्या झाकणात चहा ओतत होत्या. माझ्या सुजलेल्या गालासाठी त्यांनी तो कोमट करून आणला होता. त्यांनी हवालदारसाहेबांना नमस्कार केला आणि सूचना देतात त्याच शांत आवाजात विचारलं, "अजून किती वेळ लागेल?"

हवालदारसाहेब आत येऊन बसले. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी मला विचारलं, "आत्ताचा आवाज कोणाचा होता?"

माझे कान लाल झाले होते, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी जबाबाचं आधीचं पान काढलं, 'तुकड्यांतला आवाज' या ओळीवर बोट ठेवलं आणि तिथे मी सांगितलेली रेघ स्वतःच्या पेनाने जाड केली. 'तूर्त' हा शब्द खोडला. खोडल्याबद्दल बाजूला त्यांची सही आहे.

वरचा जबाब मी कानांनी ऐकला. दोन्ही रेघा ऐकू येण्यासारख्या नसल्यामुळे कागद हातात घेऊन डोळ्यांनी पाहिल्या. दोन्ही जागच्या जागी आहेत. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आणि थोडा जास्त आहे. जास्तीचाही खरा आहे.

सही: वरच्या रकान्यातले.

सोबत आलेल्या व्यक्तीचं नातं: असा एक रकाना खाली छापलेला आहे. तो रिकामा ठेवला होता. निवेदिकांनी आत येऊन माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतः भरला. तिथे रेघ नाही.